मे महिन्यातली शाळा

(दृश्य: मे महिना, दुपारचे दोन. सीताबर्डीचा मुख्य रस्ता. तोंडाला दुपट्टे गुंडाळलेले दुचाकीस्वार. उसाच्या रसाची गाडी, तिच्या सावलीत उभी चार माणसं.)

निवेदन:

नागपुरात मे महिन्याच्या दुपारी कुणी उगाच घराबाहेर पडत नाही. भाजी आणायची ती सकाळीच, बँकेचं काम असेल तर अकराच्या आत. काही चौकांतले सिग्नल भर दुपारी बंद ठेवले जातात, दुचाकीवाल्यांना लाल दिव्यासाठी उन्हात उभं राहायला लागू नये म्हणून. २३ मे २०१३ रोजी इथे ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. त्रेचाळीस-चव्वेचाळीसची तर कुणी चर्चाही करत नाही.

याच शहरात दर उन्हाळ्यात एक मागणी नव्याने कानावर येते: सुट्टी कमी करा, शाळा जास्त वेळ भरवा. दोघंही नोकरीला जाणारे आईबाप ती करतात. पोट्टे दिवसभर मोबाइल घेऊन बसतात, पाढे विसरतात, जूनमध्ये पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते, असं ते सांगतात. या मागणीला आळशी पालकांची सबब म्हणून उडवून लावणं अन्यायाचं आहे. घरात आजी-आजोबा नाहीत, शेजार कुलूपबंद आहे, आणि आठ वर्षांच्या मुलाला कुणाच्या भरवशावर ठेवून बुटीबोरीला ड्यूटीवर जायचं, हा त्यांचा रोजचा घोर आहे.

(दृश्य: शाळेची इमारत, बाहेरून. वरच्या मजल्यावरच्या खिडक्या.)

निवेदन:

आधी कायदा काय मागतो ते पाहू. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन झालं पाहिजे. सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १००० तास. म्हणजे लहान मुलांना दिवसाला चार तास, मोठ्यांना साडेचार. महाराष्ट्राची माध्यमिक शाळा संहिता याहून पुढे जाते. कामाचे दिवस किमान २३०, आणि उन्हाळा, दिवाळी, सणवार मिळून सुट्ट्या ७६ च्या वर नकोत.

कागदावरची उन्हाळी सुट्टी सहा-सात आठवड्यांची. मुलांच्या वाट्याला ती त्याहून लांब येते, कारण वार्षिक परीक्षा संपली की मूल शाळेत फिरकत नाही. हाजिरीपट चालू असतो, वर्ग रिकामा असतो. याच कारणाने २०२५ मध्ये राज्याने पहिली ते नववीच्या परीक्षा थेट ८ ते २५ एप्रिलला ठेवल्या. पुण्या-मुंबईतून पाहिलं तर हिशेब बरोबर होता. विदर्भातून मात्र विरोध झाला, आणि का झाला ते समजायला तिसऱ्या मजल्यावरच्या वर्गात एकदा जाऊन यावं लागेल.

(दृश्य: वर्ग. जवळून: बाकावर ठेवलेला परीक्षेचा पॅड, घामाने ओली झालेली उत्तरपत्रिकेची कड.)

निवेदन:

वर सिमेंटचा स्लॅब, त्यावर सकाळपासून ऊन. वर्गात दोन पंखे. पंखा गारवा देत नाही, छताखालची तापलेली हवाच खाली ढकलतो. साडेअकराला मुलाच्या मनगटाखालचा कागद ओला होतो, शाई पसरते, म्हणून मुलं हाताखाली रुमाल घेऊन लिहितात. सकाळी घरून भरून आणलेल्या बाटलीतलं पाणी तोवर कोमट झालेलं असतं, आणि लघवीला जावं लागेल म्हणून बऱ्याच मुली ते पीतही नाहीत. डोळे प्रश्नपत्रिकेवर आणि लक्ष घड्याळावर. अशा वर्गात एक तास वाढवला, तर त्या तासात मूल काय शिकणार?

घराघरात कूलर असलेलं हे शहर. खिडकीला कूलर, कूलरला पाणी, आणि दुपारी दारं-खिडक्या लावून अंधार करून पडून राहणं. आपल्या घरी आपण हे करतो, दुकानात करतो, कार्यालयात करतो. शाळेच्या वर्गात कूलर किती ठिकाणी दिसतो?

उन्हावर ठरलेला उपाय म्हणजे सकाळची शाळा. २०२५ च्या उन्हाळ्यात राज्याने वेळ ठरवून दिली: प्राथमिकला सात ते सव्वाअकरा, माध्यमिकला सात ते पावणेबारा. आता याच्या शेजारी दुसरा निर्णय ठेवून पाहा. तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी डिसेंबर २०२३ मध्ये मुलांची झोप पुरी होत नाही याकडे लक्ष वेधलं, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने सांगितलं की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका. दोन्ही निर्णय मुलांच्या काळजीपोटीच झाले. नागपूरच्या एप्रिलमध्ये मात्र ते एकमेकांना छेद देतात. सातची शाळा म्हणजे सहाला व्हॅन, साडेपाचला उठणं. आणि रात्री अकरापर्यंत घराच्या भिंती तापलेल्या, मूल झोपणार कधी? इथलं ऊन दिवसाची दोन्ही टोकं खातं. वेळापत्रकात सरकवायला जागाच उरत नाही.

म्हणून मला वाटतं, मे महिना शिकवण्यासाठी मागणं चूक आहे. शासनही हे जाणतं. उरलेल्या महाराष्ट्रात २०२५ ला शाळा १६ जूनला उघडल्या, विदर्भात २३ जूनला. तोही पहिला आठवडा सकाळी सात ते पावणेबारा, आणि पूर्ण वेळ ३० जूनपासून. आदल्या वर्षी तर विदर्भातल्या शाळा १ जुलैला सुरू झाल्या. ही सवलत नव्हे, इथल्या हवामानाचा तो साधा हिशेब आहे.

(दृश्य: वस्ती. टिनाची घरं. छपरावर टाकलेली ओली पोती, ती वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यांच्यावर ठेवलेल्या विटा.)

निवेदन:

पण शाळा बंद ठेवली म्हणजे मूल उन्हातून वाचलं, असं होत नाही.

टिनाच्या घरात दुपारी एकनंतर बसवत नाही. सकाळी पोती भिजवून छपरावर टाकतात, तासाभरात ती वाळून कडक होतात. आई धुण्याभांड्याच्या कामावर, बाप मजुरीला. धाकट्याला कडेवर घेऊन दहा वर्षांची मोठी बहीण आधी कडुलिंबाखाली, मग देवळाच्या सभामंडपात, मग पुन्हा नळावर. टँकर आला की तिलाच धावायचं असतं. तिच्या सुट्टीत मामाचं गाव नाही, पोहण्याचा क्लास नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाला, धरमपेठेत, हेच सात आठवडे चित्रकलेचं शिबिर, स्केटिंग आणि पुढच्या इयत्तेच्या ट्यूशनमध्ये जातात.

जिल्ह्यात रामटेक-पारशिवनीच्या जंगलपट्ट्यात आणखी वेगळं. मार्च-एप्रिलमध्ये मोह वेचायचा, मे महिन्यात तेंदूपत्ता. पहाटे अंधारात घर सुटतं, मुलंही सोबत निघतात, परतल्यावर पानांचे पुडे बांधायला त्यांचीही बोटं लागतात. घरातली वर्षाची रोकड याच दिवसांत येते. तिथे मे महिन्यात शाळा भरवली तरी वर्ग रिकामा राहील.

शाळेला कुलूप लागलं की पोषण आहारही थांबतो. पहिली ते पाचवीच्या मुलाला त्या जेवणातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा निकष आहे. सहावी ते आठवीला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम. खिचडीचं हे ताट ज्या घरांत मोलाचं आहे, त्या घरांत मे महिना हा भुकेचाही महिना असतो. सर्वोच्च न्यायालयाने २० एप्रिल २००४ रोजी आदेश दिला होता की दुष्काळी भागात उन्हाळी सुट्टीतही मध्यान्ह भोजन द्यावं. म्हणजे सुट्टीत शाळेची चूल पेटू शकते, हे आपल्याकडे वीस वर्षांपूर्वीच मान्य झालेलं आहे.

(दृश्य: वहीतलं पान. जवळून: चुकलेली हातच्याची बेरीज, खोडरबराचे डाग.)

निवेदन:

आणि विसरण्याचं काय? मूल विसरतं, यात शंका नाही. कोविडच्या काळात शाळा बंद असताना अझीम प्रेमजी फाउंडेशनने पाच राज्यांतली सोळा हजारांवर मुलं तपासली. दुसरी ते सहावीतल्या ९२ टक्के मुलांनी भाषेतलं आदल्या वर्षीचं किमान एक कौशल्य गमावलं होतं, गणितात ८२ टक्के. तो खंड वर्षभराचा होता, सात आठवड्यांच्या सुट्टीवर हे आकडे लादता येणार नाहीत. पण त्यातून एक गोष्ट घ्यावी: वाचायला काही हातात नसेल तर वाचन आटतं. ज्या घरात गोष्टीची पुस्तकं आहेत, तिथलं मूल सुट्टीतही वाचतं. ज्या घरात पाठ्यपुस्तकाखेरीज छापील कागद नाही, तिथलं मूल मागे पडतं. एवढ्यासाठी सुट्टीच कापायची, की त्या मुलापर्यंत पुस्तक पोचवायचं?

शाळेचा दिवस मोठा केल्याची उदाहरणं जगात आहेत. जर्मनीत पिढ्यान् पिढ्या मुलं दुपारी जेवायला घरी जात. २००० च्या पिसा या शाळकरी मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत देश मागे पडला, आणि २००३ पासून केंद्र सरकारने दिवसभराच्या शाळांसाठी चार अब्ज युरो बाजूला काढले. ते पैसे गेले इमारतींवर, जेवणघरांवर, दुपारी थांबणाऱ्या मुलांना लागणाऱ्या जागेवर. फिनलंडमध्ये मूल सातव्या वर्षी पहिलीत जातं, दिवस छोटा असतो, आणि उन्हाळी सुट्टी दहा आठवड्यांची. जपानमध्ये ही सुट्टी सुमारे चाळीस दिवसांची. नुसत्या तासांवरून शाळेची गुणवत्ता ओळखता येत नाही. मोठा दिवस हवा असेल तर जेवण, सावली, खेळ आणि दुसऱ्या सत्राला वेगळा शिक्षक, एवढं सगळं सोबत द्यावं लागतं. आहे त्याच बाईंना, त्याच वर्गात, आणखी दोन तास उभं करून ते साधणार नाही.

(दृश्य: डिसेंबर. सकाळचं कोवळं ऊन, शाळेचं मैदान, स्वेटर घातलेली मुलं.)

निवेदन:

वेळ वाढवायचाच असेल तर नागपूरकडे चार महिने आहेत, आणि त्यांचा विचार मात्र कुणी करत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी. हवा कोरडी, दुपार सुखाची, वर्गात बसायला मन लागतं. आणि नेमक्या याच महिन्यांत शाळेचे दिवस सर्वांत जास्त फुटतात. दिवाळीची सुट्टी, स्नेहसंमेलन, त्याची तयारी, क्रीडा स्पर्धा, सहल, शिक्षकांना निवडणुकीचं काम. २०२४ मध्ये विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला होतं. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ शिक्षकांना जनगणना, आपत्ती आणि निवडणूक या कामांना लावायची मुभा देतं, त्यामुळे हे बेकायदेशीर नाही. पण प्रशिक्षण, साहित्यवाटप, मतदान, मतमोजणी यांत वर्ग किती दिवस शिक्षकाविना राहिला, हे कुणी मोजतं का?

साधी बेरीज आहे. या चार महिन्यांत शाळेचे साधारण ऐंशी दिवस धरा. रोज अर्धा तास वाढला तर चाळीस तास होतात, म्हणजे चार तासांचे दहा दिवस. एप्रिलच्या तापातले दहा दिवस त्यातून मोकळे करता येतात. अडचण इथेही आहे. डिसेंबरात साडेपाचच्या सुमाराला सूर्य मावळतो, त्यामुळे खेड्यातून सायकलने येणाऱ्या मुलींना पाचनंतर थांबवता येणार नाही. अर्धा तास सकाळीच वाढवावा लागेल, आणि तोही दहाच्या पुढे भरणाऱ्या शाळांनाच जमेल. दोन सत्रांत चालणाऱ्या शाळांना त्याहून अवघड. तरीही हे मे महिन्यात मूल बोलावण्यापेक्षा शहाणपणाचं आहे. त्यासाठी विदर्भाला सुट्टीची तारीखच नव्हे, सगळं वार्षिक वेळापत्रक स्वतःचं लागेल.

(दृश्य: पुन्हा मे महिना. सकाळचे सात. शाळेचं फाटक, कुलूप.)

निवेदन:

आणि मे महिन्यात? शिकवणं बंद ठेवा, इमारत उघडी ठेवा. आमची मागणी इतकीच आहे. सकाळी सात ते दहा फाटक उघडं. तळमजल्याच्या दोन खोल्या, छताला पांढरा रंग, एक कूलर, माठात गार पाणी. कपाटात कुलपाआड पडलेली गोष्टीची पुस्तकं सतरंजीवर. कॅरम, लगोरी, दोरीच्या उड्या. दहाला गरम जेवण, मग घरी. हजेरी नाही, परीक्षा नाही, गणवेश नाही. धाकट्याला कडेवर घेऊन आलेल्या बहिणीला कुणी परत पाठवणार नाही.

शिक्षकांना याला जुंपू नये. त्यांच्या दीर्घ सुट्टीच्या बदल्यात त्यांना अर्जित रजा कमी मिळते, तेव्हा बोलावलंच तर त्या दिवसांची रजा खात्यावर जमा झाली पाहिजे. वस्तीतली बारावी झालेली मुलगी, डी.एड. करून घरी बसलेला तरुण हे काम करू शकतात, मानधन मिळालं तर. स्वयंपाक करणाऱ्या ताई त्याच वस्तीतल्या असतात, आणि उन्हाळ्यात त्यांचंही मानधन थांबलेलं असतं.

नागपूर महापालिकेचा उष्माघात प्रतिबंधक कृती आराखडा २०१६ पासून आहे. दर मार्चमध्ये त्याची बैठक होते, पाणपोया ठरतात, दवाखान्यांत थंड खोल्या ठरतात. येत्या मार्चच्या बैठकीत शिक्षण विभागाच्या अधिकाऱ्यांनी आपल्या शाळांची यादी टेबलावर ठेवावी आणि प्रत्येक वस्तीजवळची एक इमारत, तिची किल्ली कुणाकडे राहील आणि चुलीचा खर्च कोणत्या शीर्षाखाली पडेल, एवढं त्याच दिवशी लिहून घ्यावं.