कोपोलांचा 'ड्रॅक्युला' आणि प्रेक्षकांच्या तक्रारी

नमस्कार, श्रोतेहो.

फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांचा 'ब्रॅम स्टोकर्स ड्रॅक्युला' नोव्हेंबर १९९२ मध्ये अमेरिकेत झळकला, आणि त्याच्यावरचा वाद अजून मिटलेला नाही. कुणाला तो डोळ्यांचं पारणं फेडणारा भयपट वाटतो, तर कुणी म्हणतं, लेखकाचं नाव थेट शीर्षकात घातलं आणि दाखवलं भलतंच. नेहमी कानावर पडणाऱ्या तक्रारींपैकी काही आज मूळ कादंबरीशी ताडून पाहू.

सगळ्यात जुनी तक्रार उन्हाची. रक्त पिणारा पिशाच्च ड्रॅक्युला लंडनच्या रस्त्यावर भर दिवसा हिंडतो, मग तो जळून राख कसा होत नाही? कादंबरी १८९७ ची. तिच्यात जोनाथन हार्कर या तरुण वकिलाला हा गृहस्थ लंडनच्या पिकॅडिलीत दिवसाउजेडीच दिसतो. दिवसा त्याची शक्ती आटते, एवढंच. उन्हानं मरण ही कल्पना रूढ केली १९२२ च्या 'नोस्फेराटू' या जर्मन मूकपटानं, आणि पुढच्यांनी ती इतकी गिरवली की आता तीच मूळची वाटते. म्हाताऱ्याचा तरुण होणं, तळहातावरचे केस, दाढीच्या आरशात न दिसणं, भिंतीवरून डोकं खाली करून सरपटत उतरणं, हे सगळं पुस्तकातलं. इतर चित्रपटांनी बऱ्याचदा गाळलेला टेक्सासचा क्विन्सी मॉरिसही इथे आहे. म्हाताऱ्या काउंटच्या, म्हणजे ड्रॅक्युलाच्या, डोक्यावरचे केसांचे ते दोन पांढरे उंचवटे मात्र पुस्तकात नाहीत. त्यावर हसणाऱ्यांनी हसावं, पण रंगभूषेचं ऑस्कर याच चित्रपटानं नेलं.

हार्कर झालेल्या किआनू रीव्ह्जच्या इंग्रजी उच्चारांबद्दलची तक्रार रास्तच आहे. गोष्ट बरीचशी दैनंदिनीतून पुढे सरकते आणि सुरुवातीचा मोठा भाग हार्करच्या आवाजात आहे. तो आवाज सपाट निघाला की पडद्यावरचं काम आणि निवेदन दोन्ही एकदम पडतात.

'इफेक्ट खोटे दिसतात' ही तक्रार मात्र जरा थांबून पाहायला हवी. कोपोलांनी ठरवलं होतं की चित्रपटाच्या बाल्यावस्थेत ज्या युक्त्या होत्या, त्याच वापरायच्या. संगणकाच्या आधाराशिवाय हे जमणार नाही म्हणणाऱ्या तंत्रज्ञांना त्यांनी निरोप दिला आणि काम मुलाकडे, रोमन कोपोलाकडे, सोपवलं. बहुतेक चमत्कार कॅमेऱ्यातच झाले.

उंदीर तुळईवरून उलटे चालतात तो शॉट घ्या. भिंगापुढे काळा आडोसा लावून चौकटीचा एक भाग झाकायचा आणि उरलेल्या भागावर चित्रण करायचं. मग फिल्म मोजून मागे न्यायची, आडोसा उलट बाजूला लावायचा आणि त्याच फिल्मवर, या वेळी कॅमेरा उलटा धरून, उंदीर टिपायचे. कॅमेरा केसभर हलला तरी जोड उघडा पडतो. आडोसा न लावता एकावर एक दोन अख्खी चित्रं घ्यायची असतील तर दर खेपेला उजेड साधारण एक स्टॉप कमी, म्हणजे निम्माच, द्यावा लागतो, नाहीतर चित्र पांढरंफटक पडतं. दुसरी खेप बिघडली की पहिलीही वाया जाते. आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांनी पौराणिक चमत्कार दाखवले ते याच घराण्यातल्या युक्त्यांनी.

ड्रॅक्युलाची सावली त्याच्या आधी हलते, त्यामागे दुसरा माणूस आहे. भिंत म्हणून उभा केलेला पडदा, त्याच्या मागे दिवा आणि मध्ये हा सावलीवाला. यात पंचाईत अशी की पुढच्या दिव्यांचा उजेड पडद्यावर सांडला तर सावली धुऊन जाते. म्हणून ड्रॅक्युला झालेल्या गॅरी ओल्डमनला उजळायचं आणि त्याच्या पाठीमागची भिंत अंधारात ठेवायची, ही छायालेखक मायकेल बॉलहाउस यांची कसोटी होती. सावली दचकवते, कारण ती नटाशी किंचित बेताल आहे. तंतोतंत जुळली असती तर कुणाचं लक्षही गेलं नसतं.

ड्रॅक्युलानं पिशाच्च केलेली लूसी शवपेटीत परत शिरते ते दृश्य उलटं चित्रित केलेलं आहे. नटी पेटीतून बाहेर पडत मागे मागे गेली आणि फिल्म उलटी चालवली. सरड्याच्या गळ्यावरच्या झालरीवरून सुचलेला तिचा तो पांढरा पोशाख एको इशिओका यांचा; वेशभूषेचं ऑस्कर त्यांना मिळालं. आता दृश्य पुन्हा पाहा आणि फक्त कापडाकडे लक्ष द्या. चुण्या पडायच्या त्या दिशेनं पडत नाहीत. काहीतरी बिनसलंय हे डोळ्याला कळतं, पण नेमकं काय ते सापडत नाही.

लंडनच्या रस्त्यावरचा थरथरता, दाणेदार तुकडा पाहून अनेकांना प्रत खराब आहे असं वाटतं. तो हातानं दांडा फिरवायच्या जुन्या पाथे कॅमेऱ्यावर घेतलेला आहे. हात कमीजास्त वेगानं फिरला की उजेडही कमीजास्त होतो. त्याच भागात येणारा सिनेमॅटोग्राफचा, म्हणजे सुरुवातीच्या चलचित्रांचा, खेळही चुकीचा नाही. गोष्ट १८९७ ची, आणि लंडनमध्ये तो १८९६ च्या फेब्रुवारीत पोहोचला होता. मुंबईत वॉटसन हॉटेलात तो जुलैमध्ये झाला.

प्रेमकथेवर बोलताना मात्र बहुतेकांचा रोख चुकतो. १४६२ चा प्रारंभ आणि ड्रॅक्युलाची मेलेली पत्नी हार्करच्या मीनाच्या रूपानं परत येणं, यातलं काहीच पुस्तकात नाही. पुनर्जन्माचं आपल्याला नवल नाही, 'मधुमती' १९५८ चा आहे. पण त्यासाठी मोजलेली किंमत पाहा. पुस्तकात ड्रॅक्युला मीनाला बळजबरीनं आपलं रक्त पाजतो आणि ती 'मी विटाळले' म्हणून आक्रोश करते. चित्रपटात ती स्वतःहून ते मागते. त्याहून मोठं नुकसान बुद्धीचं. कादंबरीतली मीना सगळ्यांच्या दैनंदिन्या टंकलिखित करून तारखांनुसार लावते, रेल्वेची वेळापत्रकं तिला पाठ असतात, आणि ड्रॅक्युला कोणत्या नदीनं पळाला हे नकाशे समोर घेऊन तीच शोधून काढते. ड्रॅक्युलाच्या मागावरचा प्राध्यापक व्हॅन हेलसिंगसुद्धा तिच्या टाचणावर विसंबून पुढचा बेत आखतो. पडद्यावर टंकयंत्र सुरुवातीला दिसतं आणि मग मागे पडतं. शोध घेणारी बाई ओढली जाणारी बाई झाली, आणि पाठलाग करणारे पुरुष प्रेमात बिब्बा घालणारे वाटू लागले. शेवटच्या भागातली भीती पातळ होते ती यामुळे, उच्चारांमुळे नव्हे.

पुस्तकात अखेर हार्करची कुकरी आणि मॉरिसचा सुरा काम संपवतात. मीना लांबून पाहते. चित्रपटात ते दोन्ही वार होतातच, पण शेवटचा घाव मीनाच्या हातून पडतो, आणि शिरही तीच उतरवते. कोपोलांनी तिच्याकडून जे काढून घेतलं त्यातलं थोडंसं इथे परत दिलं. मला ते अपुरं वाटतं.

नमस्कार.