चोथ्यातलं तेल

कॉफी खाली उतरली, की गाळणीत उरतो तो चोथा. काळा, रवाळ, अजून वाफाळता. बहुतेक ठिकाणी तो सरळ कचऱ्यात जातो आणि ढिगाखाली कुजून मिथेन सोडतो.

हा चिमूटभर चोथा कागदावर दाबलाय. पाणी सुकलं, डाग मात्र राहिला. तेलकट डाग. वाळलेल्या चोथ्यात वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के तेल असतं. पाण्यात ते विरघळत नाही, म्हणून बरंचसं मागेच राहतं.

आधी वाळवण, कारण ओल्या चोथ्याचं निम्म्याहून अधिक वजन पाण्याचंच. मग या काचेच्या नळ्यांमधून हेक्झेनची, म्हणजे तेल विरघळवणाऱ्या द्रावकाची, वाफ वर चढते, थंड होऊन चोथ्यावर ठिबकते आणि तेल घेऊन खाली येते. हेक्झेन उडवून लावलं, की उरतं हे गडद तपकिरी तेल.

या तेलाचं बायोडिझेल, म्हणजे डिझेलसारखं इंधन, करायचं. त्याची रूढ कृती म्हणजे तेलात मेथॅनॉल हे अल्कोहोल आणि कॉस्टिक सोडा. या तेलात मात्र सुटी मेदाम्लं, म्हणजे तेलाच्या रेणूतून सुटलेली आम्लं, बरीच असतात. कॉस्टिकशी गाठ पडली, की त्यांचा साबण होतो. बाटलीतला हा फेसाळ गोंधळ त्याचाच.

इथे विकर (एन्झाइम) कामाला येतं: लायपेझ. आपल्या पोटात स्निग्ध अन्न पचवणाऱ्यांच्याच कुळातलं. या बारीक मण्यांवर ते बसवलेलं आहे. चाळीसेक अंशांची ऊब त्याला पुरते. तेल आणि सुटी मेदाम्लं, दोन्हींचं ते बायोडिझेल करतं. साबणाचा प्रश्नच नाही. नखरे त्याचेही आहेत. मेथॅनॉल एकदम ओतलं तर ते निकामी होतं, म्हणून थोडं थोडं घालायचं. कॉस्टिकचं तासाभराचं काम इथे दिवसभरही चालतं. चालू दे. मणी गाळून पुन्हा वापरता येतात, हे काय कमी आहे?

आता थर बघा. वर बायोडिझेल, तळाशी ग्लिसरीन.

तेल निघालं तरी चोथा संपत नाही. त्यात लांब साखळ्यांच्या शर्करा असतात. मॅननेझ आणि सेल्युलेझ ही विकरं त्या साखळ्या तोडतात, यीस्ट सुट्या साखरेचं इथेनॉल करतं.

खर्चाचं म्हणाल, तर विकरं महाग आणि चोथा ठिकठिकाणाहून गोळा करावा लागतो. तरी २०१७ मध्ये लंडनच्या बसच्या इंधनात कॉफीचं तेल मिसळून झालं आहे.

यीस्टनंही सोडलेला गाळ वाळवून, दाबून त्याच्या अशा कांड्या करतात. त्या बॉयलरमध्ये जातात. पुढच्या चोथ्याच्या वाळवणाची थोडी उष्णता तिथूनच मिळते.