एचएएलची गोष्ट १९६४ पासून सांगू नका

मंडळी, विषय जाहीर झालाय तो ‘हिंदुस्तान एरोनॉटिक्स: एका संरक्षण कंपनीची वाटचाल’, म्हणजे आपल्या विमानं बनवणाऱ्या एचएएलची. त्याकडे येतोच. पण सोलापुरात उभं राहून ही गोष्ट १९६४ पासून, म्हणजे कंपनीला आजचं रूप मिळालं तिथून सुरू करायची, हे मला पटत नाही. ती कंपनी ज्यांनी काढली ते शेठ वालचंद हिराचंद १८८२ साली आपल्याच गावात जन्मले. वडिलांच्या नावाचं वाचनालय तुम्हाला ठाऊक आहे, मुलाच्या नावाचं कॉलेजही ठाऊक आहे. पण मध्यंतरी इथल्याच एका वर्गात मी विचारलं, बंगळुरूचा विमान कारखाना कुणी काढला? पोरं म्हणाली, सरकारनं! फार वाईट वाटलं हो.

या माणसानं सुरुवात केली ती भागीदार फाटकांबरोबर रेल्वेची कंत्राटं घेऊन, आपल्या बार्शी लाइट रेल्वेची. पुढे सिंदिया कंपनीची जहाजं काढली. (विशाखापट्टणमची गोदीही त्यांचीच. आज तीही संरक्षण खात्याकडे आहे, पण तो वेगळा विषय.) १९३९ साली अमेरिकेच्या प्रवासात त्यांना विल्यम पॉली भेटले. चीनमध्ये विमानांचा कारखाना चालवणारा हा माणूस. शेठजींनी तिथंच ठरवलं, हे आपल्याकडे झालं पाहिजे. इंग्रज सरकार मात्र हलेना. १९४० मध्ये फ्रान्स पडला, इंग्लंडची विमानं इंग्लंडलाच पुरेनात, तेव्हा कुठे होकार आला. म्हैसूरचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनी जमीन देऊ केली, संस्थानातर्फे २५ लाखांचं भांडवल घातलं, आणि डिसेंबर १९४० मध्ये हिंदुस्तान एअरक्राफ्ट नोंदली गेली. पुढच्याच वर्षी हार्लो जातीचं प्रशिक्षण विमान उडालं! यंत्रं अमेरिकेहून आणायची, कारागीर इथं घडवायचे, आणि तेही ऐन युद्धात. विचार करा.

फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडलं. जपानी दाराशी आले. त्याच वर्षी सरकारनं शेठजींचा हिस्सा विकत घेतला आणि १९४३ मध्ये कारखाना विमानांच्या दुरुस्तीसाठी अमेरिकी सैन्याकडे गेला. माझं म्हणणं इथंच आहे. त्या दिवसापासून गिऱ्हाईकही सरकार, मालकही सरकार. नवं काही काढण्याची ओढ लावणारा माणूस गेला.

चिठ्ठी आली आहे, वेळ संपत आलाय, तेव्हा पुढचं भराभर सांगतो. १९५१ मध्ये आपल्या कोल्हापूरकडच्या डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी आखलेलं एचटी-२ हे प्रशिक्षण विमान उडालं. १९६१ मध्ये जर्मन अभियंते कुर्ट टँक यांनी आखलेलं मारुत हे लढाऊ विमान उडालं, पण त्याला साजेसं इंजिन शेवटपर्यंत मिळालं नाही. मिग या रशियन लढाऊ विमानांसाठी १९६३ मध्ये सरकारनं एरोनॉटिक्स इंडिया ही वेगळी कंपनी काढली. १ ऑक्टोबर १९६४ ला ती आणि हिंदुस्तान एअरक्राफ्ट एक झाल्या, ती आजची एचएएल. मग नाशिकजवळच्या ओझरला मिग परवान्यावर बनू लागले आणि स्वतःच्या आराखड्यांकडचं लक्ष कमी झालं. २०१८ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली, तरी मोठा हिस्सा सरकारकडेच आहे. आपल्या तेजस या लढाऊ विमानाचं इंजिन आजही अमेरिकेहून येतं. यावर कुणाला विचारायचं असेल तर आत्ताच विचारा.