कमला, वसंत आणि चार प्रश्नचिन्हं

नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय तो असा: अ‍ॅझ्युअरवर एकच, सुटा एसक्यूएल डेटाबेस कसा उभा करायचा. अ‍ॅझ्युअर म्हणजे मायक्रोसॉफ्टचा क्लाउड, इंटरनेटवरून भाड्याने मिळणारे संगणक. तुमच्यापैकी बरेच जण वाचनालयाचं, पतसंस्थेचं, देवस्थानाचं काम बघता, त्यामुळे टेबल म्हणजे काय ते पुन्हा सांगत बसत नाही. छोट्या संस्थेला हा सुटा डेटाबेस बरा पडतो. मशीन, विंडोज, अपडेट हे सगळं तिकडचे लोक बघतात, आपण फक्त आपला डेटा बघायचा. पण फॉर्म भरायला घेण्याआधी मला एका चौकटीबद्दल बोलायचंय. बरीच वर्षं बोलायचंय.

एका वाचनालयाची सभासद यादी क्लाउडवर नेली गेली. काम ज्यांच्याकडे होतं त्यांनी सगळं वेळेत केलं, आणि यादी उघडली तर नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. कमलाबाई चार प्रश्नचिन्हं, वसंतराव चार प्रश्नचिन्हं. हसताय, पण मोजून बघा. कमला म्हणजे क, म, ल आणि काना. वसंत म्हणजे व, स, अनुस्वार, त. संगणकाच्या हिशेबी दोन्ही चार चिन्हांची नावं. नावाची लांबी तेवढी उरली, नाव गेलं. आणि हा फॉन्टचा घोळ नव्हता. फॉन्ट चुकला तर बदलता येतो. इथे डेटाबेसमध्ये खरोखरच प्रश्नचिन्ह साठवलं गेलं होतं, मूळ अक्षर कुठेच शिल्लक नव्हतं. कागदी रजिस्टर जपून ठेवलं होतं म्हणून सभासद परत मिळाले.

तक्रार केल्यावर उत्तर आलं, 'नावं इंग्रजीत भरा ना!' याचा मला आजही राग येतो. रोमन लिपीत काळे आणि काले एकच होतात. सभासद स्वतःचं नाव जसं लिहितो तसंच ते नोंदवणं ही संस्थेची जबाबदारी आहे, आणि तंत्रज्ञान त्याला कधीच आड येत नव्हतं.

मग घडलं काय? डेटाबेस तयार करताना 'अतिरिक्त सेटिंग'च्या पानावर कोलेशन नावाची चौकट असते. अक्षरं कोणत्या संचातून साठवायची आणि कोणत्या क्रमाने लावायची, ते ती ठरवते. तिथे आधीपासूनच 'एसक्यूएल लॅटिन वन जनरल'ने सुरू होणारं लांबलचक नाव भरलेलं असतं. त्याच्या वर्णसंचात देवनागरी नाही. वारचार, म्हणजे साध्या मजकुराच्या, रकान्यात मराठी नाव गेलं की प्रश्नचिन्हं होतात. रकाना एनवारचार, म्हणजे कुठलीही लिपी मावणारा, ठेवला, पण क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला दिलेल्या आज्ञेत, मजकुराच्या अवतरणचिन्हाआधी 'एन' लावायचं राहिलं, तरीही होतात! रकान्यात पोचायच्या आधीच अक्षरं गेलेली असतात. आणि डेटाबेसचं कोलेशन एकदा तयार झाल्यावर अ‍ॅझ्युअरवर बदलता येत नाही. म्हणून माझा आग्रह असा: पहिल्याच दिवशी यूटीएफ-८, म्हणजे सगळ्या लिप्या साठवणारी पद्धत, असलेलं कोलेशन निवडा, म्हणजे 'एन' विसरला तरी नाव वाचेल. रकाने मात्र एनवारचारच ठेवा, कारण देवनागरीचं एक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं, एनवारचारमध्ये २. रुंदीही सढळ हाताने द्या. 'ज्ञानेश्वर' आपल्याला चार अक्षरं दिसतात, तिथे ती १० चिन्हं होतात.

चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं उरली. बरं, आता भराभर.

आधी रिसोर्स ग्रुप, म्हणजे आपल्या सगळ्या गोष्टी एकत्र ठेवायचा गट, मग सर्व्हर. हा सर्व्हर म्हणजे खरं यंत्र नव्हे, लॉगिन आणि फायरवॉलचे नियम ठेवायची ती जागा. त्याचं नाव जगभरात दुसऱ्या कुणाचं नसावं लागतं. रीजनमध्ये, म्हणजे डेटा कुठे राहणार त्या चौकटीत, 'सेंट्रल इंडिया' निवडा, ते आपलं पुणे. 'साउथ इंडिया' म्हणजे चेन्नई.

फायरवॉल सुरुवातीला सगळ्यांना अडवते. कार्यालयाचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा क्रमांक, तेवढा घाला. घरच्या ब्रॉडबँडचा पत्ता बदलत राहतो, मग वैतागून कुणी तरी शून्यापासून २५५ पर्यंत सगळी रेंज, म्हणजे जगातले सगळे पत्ते, उघडतं. कृपा करून हे करू नका. सभासदांचे फोन नंबर असतात त्यात.

दिवसातून थोडाच वेळ वापर असेल तर सर्व्हरलेस प्रकारचा डेटाबेस घ्या. वापर थांबला की तो झोपतो आणि तेवढा वेळ फक्त साठवणुकीचे पैसे लागतात. सकाळचं पहिलं कनेक्शन मात्र अडखळतं, तेव्हा जरा थांबून पुन्हा जोडायचं.

वेळेचं देवस्थानवाल्यांनी नीट ऐका. या डेटाबेसचं घड्याळ यूटीसीवरच, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवरच, चालतं, ते बदलता येत नाही. आपण साडेपाच तास पुढे. १ एप्रिलला पहाटे पाच वाजता फाडलेली पावती तिथे ३१ मार्चच्या रात्री साडेअकराची, म्हणजे मागच्या आर्थिक वर्षात! साठवताना यूटीसीच राहू द्या, पण अहवाल काढताना 'अ‍ॅट टाइम झोन' वापरून भारतीय वेळ करून घ्या.

शेवटचं, बॅकअप. ते आपोआप होतात, लॉगचा, म्हणजे झालेल्या बदलांच्या नोंदीचा, साधारण दर १० मिनिटांनी. ते जपून ठेवायची सुरुवातीची मुदत ७ दिवसांची, बहुतेक योजनांत ती ३५ पर्यंत वाढवता येते. रिस्टोअर केलं, म्हणजे बॅकअपमधून डेटा परत आणला, की जुन्यावर काही लिहिलं जात नाही, शेजारी वेगळ्या नावाचा नवा डेटाबेस उभा राहतो. एकदा हे करून बघाच, आणि त्यात दोन-चार नावं वाचा. तपासून झालं की तो नवा काढून टाका, त्याचं बिल वेगळं चालू असतं.