शिमग्याला मोजायला हवं होतं

नमस्कार श्रोतेहो.

आपल्या गावाचा, तालुक्याचा नकाशा आता मोबाइलवर उघडता येतो. जनगणनेचे आकडे भरलेले नकाशे इंटरनेटवर आहेत. जिल्ह्यावर बोट ठेवलं की लोकसंख्या, साक्षरता, हजार पुरुषांमागे स्त्रिया किती, सगळं समोर येतं. एक मात्र ध्यानात ठेवा. रंग पाहिला की आकडा पाहा, आकडा पाहिला की साल पाहा.

संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीत मी बचत गटाच्या बायकांना असा नकाशा दाखवत होतो. 2011 साली महाराष्ट्रात हजार पुरुषांमागे 929 स्त्रिया होत्या. रत्नागिरी जिल्ह्यावर बोट ठेवलं, तर 1122! अकराशे बावीस, राज्यात सर्वांत जास्त. मी म्हणालो, "बघा, लेकींचा मान राखणारा जिल्हा."

पडवीत एक आजी सुपात तांदूळ निवडत होत्या. हात थांबवून म्हणाल्या, "मान कसला रे बाबा? पुरुष मुंबईला आहेत." मग बोटांवर घरं मोजायला लागल्या. वाडीत अकरा घरं, चार घरांना कुलूप, दोन घरांत एकेकटी म्हातारी. शेवटी म्हणाल्या, "शिमग्याला यायला हवं होतं मोजायला. पालखी नाचते ना, तेव्हा अंगणात पाय ठेवायला जागा नसते."

घरी येऊन तारखा पाहिल्या. गणना झाली 9 ते 28 फेब्रुवारी 2011, आणि त्या वर्षी होळी 19 मार्चला. अर्थात, माणसाची नोंद तो नेहमी राहतो तिथे होते, म्हणून शिमग्यात मोजलं असतं तरी चाकरमानी मुंबईच्याच खात्यात गेले असते. पण आजींचं निदान अचूक होतं. 2001 ला जिल्ह्याची लोकसंख्या 16,96,777, आणि 2011 ला 16,15,069. दहा वर्षांत ऐंशी हजारांहून जास्त माणसं कमी. लेकींचा मान बघायचा तर सहा वर्षांपर्यंतच्या मुलामुलींचा आकडा उघडा. तिथे रत्नागिरीही हजाराच्या खालीच आहे.

शाळेत आम्ही नकाशे भरायचो ते नद्यांचे आणि खनिजांचे. माझं ठाम मत आहे, सातवीतल्या प्रत्येक मुलाने स्वतःच्या तालुक्याचा नकाशा माणसांनी भरावा. कुलूपबंद घरांसकट.

तर पुन्हा सांगतो, रंग, मग आकडा, मग साल. बहुतेक नकाशांवर अजून 2011 च आहे. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे. शिमगा याही खेपेला त्यानंतरच येतो.