विहीर कठड्यावरून मोजू नका

मंडळी, आपल्या चोपडा-यावल पट्ट्यात विहिरीत दोरी सोडून बघितली नाही असा माणूस सापडायचा नाही, म्हणून तिथूनच सुरू करतो. पाणी किती खोल गेलं ते कठड्यावरून मोजलं तर एक आकडा, जमिनीपासून मोजलं तर दुसरा. उद्या कठडा ढासळला तर पाणी तिथंच असून आकडा कमी येणार, अन आपण म्हणणार वा, पाणी वर आलं! हिरडीचं अगदी असंच होतं बघा.

दात आणि हिरडीच्या मधल्या फटीत आम्ही प्रोब घालतो, म्हणजे मिलिमीटरच्या खुणा असलेली बोथट टोकाची बारीक सळई. जोर २०-२५ ग्रॅम वजनाइतकाच, जास्त दाबली तर तळ फोडून आत जाते, सुजलेल्या हिरडीत तर पटकनच. एका दाताभोवती सहा ठिकाणी मोजायचं, मी आकडे बोलतो, सिस्टर लिहितात, तीन दोन तीन, तीन तीन पाच. १ ते ३ आलं की लोक खूश होतात. पण हा आकडा हिरडीच्या काठापासूनचा, म्हणजे कठड्यावरचा झाला, आणि काठ कधी सुजून वर येतो कधी झिजून खाली जातो.

हलत नाही ती एकच जागा, इनॅमल संपून मूळ सुरू होतं ती रेघ. तिथपासून तळापर्यंत मोजलं की हिरडीची पकड किती सुटली ते कळतं, त्याला आम्ही अटॅचमेंट लॉस म्हणतो.

एक आबा आले होते, म्हणे "मना दात दुखत नही", मुलानं जबरदस्तीनं आणलेलं. दोन दाढांच्या मधल्या बाजूला पॉकेट, म्हणजे काठापासूनची फटीची खोली, फक्त ३. पण हिरडी त्या रेघेच्या ४ मिलिमीटर खाली उतरलेली, ४ आणि ३ सात! दातांच्या मधे ५ किंवा जास्त पकड गेली की हिरडीच्या आजारांच्या २०१८ च्या वर्गीकरणात तो थेट तिसऱ्या-चौथ्या, म्हणजे सगळ्यात गंभीर स्टेजचा आजार. त्यात आबांना बिडी, आणि बिडीनं हिरडीतून रक्त कमी येतं, त्यामुळे माणसाला वाटतं आपलं सगळं चांगलंय, हे मला फार लागतं कारण रक्त दिसलं असतं तर ते दहा वर्षं आधी आले असते. त्याच आठवड्यात सहा महिन्यांची गरोदर ताई, रडकुंडीला आलेली, पॉकेट ४. पण हिरडीच रेघेच्या ४ वर सुजलेली, चारातून चार गेले, पकड शाबूत. दात साफ केले, ब्रश कसा करायचा ते शिकवलं, सूज उतरली.

म्हणून तपासायला गेलात की विचारा, डॉक्टर हा आकडा कुठपासून मोजला? दोन्ही आकडे लिहून घ्या अन कागद जपून ठेवा, सातबारा ठेवता तसा, कारण आजार थांबला की पुढे सरकला हे जुन्या आकड्याशी ताडूनच कळतं. आबा दर तीन महिन्यांनी येतात. बिडी सुटलीये. मागच्या खेपेला त्याच दाढेला मोजलं, सातच.