माउंटन काउंटी : एक कागदी जिल्हा

श्रोतेहो, नमस्कार.

बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी! ही म्हण आपली, पण ती तंतोतंत लागू पडते अमेरिकेच्या रॉकी पर्वतातल्या एका जिल्ह्याला. नाव माउंटन काउंटी. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा समजा.

१८५८ च्या उन्हाळ्यात जॉर्जियाचा विल्यम ग्रीन रसेल आणि त्याचे सोबती आजच्या डेन्व्हरजवळ ओढ्याची वाळू चाळत होते. हाती लागलेलं सोनं थोडकंच, पण बातमीला पाय फुटले. पुढच्या वर्षी ६ मे रोजी जॉन ग्रेगरीला डोंगरात सोन्याची शीर सापडली. महिनाभरात त्या घळीत चार-पाच हजार माणसं तंबू ठोकून बसली होती.

जमीन कुणाची? १८५१ च्या करारानं डेन्व्हरभोवतीचा हा सगळा टापू शायेन आणि अरापाहो या तिथल्या मूळ रहिवाशांचा म्हणून खुद्द अमेरिकी सरकारनं मान्य केलेला. त्यांना विचारलं कुणी? कुणीच नाही. कागदोपत्री हा भाग कॅन्सस टेरिटरीत मोडे. टेरिटरी म्हणजे अजून राज्य न झालेला, वॉशिंग्टनच्या सरकारच्या हाताखालचा प्रदेश. आणि तिथली कचेरी सुमारे ९०० किलोमीटरवर, मधे नुसतं गवताळ माळरान. कॅन्ससच्या विधिमंडळानंही इथे काउंट्या आखल्या होत्या, पण त्यांचा कारभार कधी सुरूच झाला नाही.

मग लोकांनी ठरवलं, आपलं आपण बघू. आता इथली मेख ऐका. सप्टेंबर १८५९ मध्ये मतदान झालं : स्वतंत्र राज्य हवं का? हो म्हणणारे १,६४९, नाही म्हणणारे २,००७. कारण राज्य झालं की खर्च आपल्या खिशातून. टेरिटरी झाली तर तो वॉशिंग्टन सोसणार. हिशेब चोख! म्हणून त्यांनी टेरिटरी जाहीर केली, जेफरसन टेरिटरी. रॉबर्ट स्टील गव्हर्नर झाले आणि नोव्हेंबरात बारा काउंट्या आखल्या गेल्या. ग्रेगरीची घळ गेली माउंटन काउंटीत.

पण वॉशिंग्टननं या टेरिटरीला मान्यताच दिली नाही. तिथे गुलामगिरीवरून रणकंदन चाललेलं, नव्या टेरिटरीचा विषय काढायचा कुणी? मान्यता नाही म्हणून पैसा नाही. शेवटी माणशी एक डॉलर डोईपट्टी बसवली, आणि खर्च टाळायला टेरिटरी मागणारे खाणवाले बिथरले. पट्टी भरणार नाही, म्हणाले.

मला यात त्यांचा कोतेपणा दिसत नाही. काउंटी त्यांना देणार काय होती? जून १८५९ पासूनच त्यांचे स्वतःचे नियम होते : शिरेवर एका माणसाचा हक्क शंभर फूट लांब, पन्नास फूट रुंद. दुसरा तुकडा हवा तर विकत घ्या किंवा नवी शीर शोधून काढा. भांडण झालं तर खाणवाल्यांचीच सभा निवाडा करी. माउंटन काउंटी जन्मली तेव्हा तिचं काम आधीच दुसरं कुणीतरी करत होतं.

दक्षिणेतली राज्यं फुटून निघाली तसा वॉशिंग्टनमधला तो अडसर सुटला, जानेवारी १८६१ मध्ये कॅन्सस राज्य झालं आणि त्याची सीमा पूर्वेकडे सरकली. २८ फेब्रुवारीला कोलोरॅडो टेरिटरी कायद्यानं अस्तित्वात आली. तिच्या पहिल्या विधिमंडळानं खाणवाल्यांच्या न्यायालयांचे निवाडे कायम केले. शायेन आणि अरापाहोंच्या काही मुखियांकडून त्याच फेब्रुवारीत नव्या करारावर खुणा करून घेतल्या होत्या. त्यात त्यांची बहुतेक जमीन गेली.

६ जून १८६१ ला स्टील यांनी जाहीरनामा काढून आपलं सरकार गुंडाळलं. नोव्हेंबरात नव्या, खऱ्या काउंट्या आखल्या गेल्या. जुन्या बारांपैकी अरापाहो, जेफरसन आणि एल पासो ही नावं त्यांत टिकली, ती आजही नकाशावर आहेत. माउंटनचं नाव मात्र पुसलं गेलं. ग्रेगरीची घळ ज्या काउंटीत गेली तिचं नाव पडलं गिल्पिन. विल्यम गिल्पिन म्हणजे वॉशिंग्टनहून आलेले नवे गव्हर्नर. त्यांच्यासाठीच तर स्टील यांनी खुर्ची सोडली होती.

नमस्कार.